क्रीमच्या डबीत काय असते?



पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात माण हे गाव आहे. तेथे एकीकडे भातखाचरे, तर दुसरीकडे हिंजवडीच्या संगणक-उद्योगाच्या उंच इमारती दिसतात. उन्हात भातकापणी करणाऱ्याची त्वचा रापते. वातानुकूलित खोलीत दिवसभर बसणाऱ्याची कोरडी पडते. दोघेही दुकानात जाऊन क्रीमच मागतात. पण दोघांची गरज निराळी आहे. कोणी काय घ्यावे, हे जाहिरातीवरून कळत नाही. ते डबीवर बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीवरून कळते. ती यादी वाचावयास शिकू या.

त्वचेची भिंत

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. त्यातील मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांमधील स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना, असे समजा. ही भिंत शरीरातील पाणी राखते. तिचा सामू सुमारे ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. साबणाचा सामू ९ ते १० असतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तो याच अल्कधर्मामुळे. वारंवार साबण लावल्यास चुना धुऊन जातो व त्वचा कोरडी होते. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असल्याने तोही चेहऱ्यावर चोळू नये.

ओढणारे आणि अडविणारे

ग्लिसरीन पाणी ओढून धरते. पेट्रोलियम जेली पाणी देत नाही. ती फक्त असलेले पाणी उडू देत नाही. हे पडताळून पहा.

प्रयोग : जास्वंदीची सारखी दोन पाने तोडा. एकाच्या दोन्ही बाजूंस व देठाच्या टोकास पेट्रोलियम जेली लावा. दोन्ही पाने दोऱ्याने टांगा. दोन-तीन दिवसांनी कोणते पान आधी सुकले?

यावरून वापराची रीत आपोआप कळते. अंग पुसल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच असे मलम लावावे. ग्लिसरीन मात्र नुसते न लावता पाण्यात मिसळून लावावे.

उन्हाची गाळणी

झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डायऑक्साइड हे घटक अतिनील किरण अडवितात. सनस्क्रीनवरील ‘एस. पी. एफ. ३०’ याचा अर्थ, त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे तिसावा भागच आत जातो. म्हणजे जवळजवळ ९७ टक्के अडतात. परंतु हा आकडा जाड थरासाठी असतो. पातळ लावल्यास संरक्षण बरेच घटते. घामाने थर निघतो, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा हेही उत्तम संरक्षण आहे.

गोरेपणाचा धोका

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. ती आपली निसर्गदत्त छत्रीच होय. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन बनविणाऱ्या विकराचे काम रोखतात, म्हणून काही ‘गोरे करणाऱ्या’ क्रीममध्ये ते चोरून घालतात. मात्र पारा त्वचेतून रक्तात व तेथून मूत्रपिंडात जातो.

अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या वापरीत असलेल्या क्रीममध्ये पारा आढळला. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१३ चा. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. तरीही अशा डब्या विकल्या जातात. त्यांवर पाऱ्याचे नाव सहसा नसते. म्हणून अवघड रासायनिक नावांना भिण्यापेक्षा, ज्या डबीवर घटकांची यादी व उत्पादकाचा पत्ता नाही तिला भ्यावे. स्टेरॉइड असलेली मलमेही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून चेहऱ्यास लावू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते.

लक्षात ठेवा

१. यादीत एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात.
२. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून काही दिवस पहावे.
३. खाज वा लाली आल्यास वापर थांबवावा.

स्वाध्याय : घरातील तीन डब्यांवरील याद्या वहीत उतरवा. प्रत्येकीतील पाणी ओढणारा, पाणी अडविणारा व ऊन गाळणारा घटक ओळखा. यादीच नसलेली डबी सापडली तर घरच्यांना दाखवा व का टाकावी, ते समजावून सांगा.