सहलीची लस आणि सरकारी तिजोरी

माझे थोरले भाऊ वेकोलि या कोळसा कंपनीच्या माजरी क्षेत्रातून निवृत्त झाले. आयुष्यभर खाणीत पाळ्या केल्या, मुलं मार्गाला लागली, आणि मग दादांनी वहिनीला घेऊन केनियाची सहल ठरवली. विमान, व्हिसा, हॉटेल सगळं सहल कंपनीनं पाहिलं. पीतज्वराच्या लशीचं विचारलं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, "केनियावाले मागत नाहीत, काळजी करू नका."

त्याचं म्हणणं अर्धंच खरं होतं. केनिया हे प्रमाणपत्र पीतज्वराची लागण असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतो, आणि भारत त्या यादीत नाही. पण केनियातून परतणाऱ्याकडे आपला स्वतःचा देश ते मागतो. दादा-वहिनींना मुंबईच्या विमानतळावर बाजूला घेतलं आणि विलगीकरणात ठेवलं. वहिनीला साखरेचा आजार, गोळ्या सहलीपुरत्याच नेलेल्या. फोनवर त्या रडत होत्या, "भाऊजी, आम्ही काय गुन्हा केला?"

गुन्हा काहीच नव्हता. पण नियमामागचं कारण चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळावं असं आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. आपल्या कुलरच्या टाकीत वाढतो आणि डेंग्यू देतो तोच हा. डास आहे, पण पीतज्वराचा विषाणू भारतात आजवर रुजलेला नाही. एखादा प्रवासी तो अंगात घेऊन आला आणि इथल्या डासांनी त्याला चावलं, तर पुढे काय होईल याचा विचारही नको वाटतो. चावल्यापासून आजार दिसायला तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून प्रमाणपत्र नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

दोघं सुखरूप घरी आले. त्यानंतर कॉलनीत एकच चर्चा: सरकारनं ही लस दवाखान्यात फुकट का देऊ नये? दादांचं मत ठाम होतं. "आयुष्यभर कर भरला, कोळसा काढला. एक सुई सरकारला जड आहे का?" त्यांचं दुःख मला कळतं. तरीही माझं मत वेगळं आहे, आणि ते मी विचार करून मांडतो आहे.

सरकारी पैशातून प्रवाशाला लस द्यायची की नाही, हे दोन प्रश्नांवर ठरावं. पहिला, तो आजार घेऊन परतला तर इतरांना लागण होईल का? दुसरा, पैसे नाहीत म्हणून तो लस चुकवेल का? दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तर खर्च सरकारनंच करावा, त्यात हात आखडता घेऊ नये.

आपल्याकडे हे होतंही. आमच्या कॉलनीतलं एक जोडपं हजला गेलं, तेव्हा त्यांना मेंदूज्वराची लस सरकारकडून मोफत मिळाली. लाखोंच्या गर्दीत हा आजार श्वासावाटे पसरतो. 1987 च्या हजनंतर त्याची साथ आली आणि सौदी सरकारनं लस सक्तीची केली. मार्च 2014 पासून भारतानं पोलिओची लागण असलेल्या देशांत ये-जा करणाऱ्यांना पोलिओचा डोस बंधनकारक केला. त्याच महिन्यात आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला होता. तो डोस सगळ्या देशाच्या रक्षणासाठी होता. पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांना पटकीची लस टोचत, ती आठवण जुनी माणसं अजून सांगतात. त्यामागेही हाच विचार होता. एका वारकऱ्याचा आजार परतीच्या वाटेवर गावोगावी पोचू नये.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा टायफॉइड, हिपॅटायटिस-ए, कॉलरा आणि पोलिओ या लशी सहलीला जाणाऱ्यालाही फुकट देते, कारण हे आजार घरी येऊन इतरांत पसरू शकतात. पीतज्वर, रेबीज, जपानी मेंदूज्वर यांच्या लशींचे पैसे मात्र प्रवाशानं भरायचे.

आता दादांची सुई या दोन प्रश्नांना लावून पाहा. पहिल्याचं उत्तर आपल्या देशात 'हो' आहे, कारण डास इथे आहे. दुसऱ्याचं 'नाही'. सरकारी केंद्रात या लशीला काहीशे रुपये लागतात. विमानानं आफ्रिकेला जाणाऱ्याला ते जड नाहीत. दादांना अडवलं ते चुकीच्या माहितीनं आणि अंतरानं. अधिकृत केंद्रं मोजकी आणि मोठ्या शहरांत. सरकारी पैसा खर्च व्हावा तो इथे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस प्रवाशांसाठी सल्ल्याची खिडकी असावी, आणि लस ठराविक दिवशी तिथेच टोचून मिळावी. किंमत सहलीला जाणारा आनंदानं देईल.

मोफत लशीचा पहिला हक्क ज्यांचा आहे ते प्रवासी वेगळे आहेत. धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरं सोबत असतात. गोवर-रुबेलाचा डोस, पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस याच काळात राहून जातो. हा प्रवास पोटासाठी असतो. डिसेंबर 2014 मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू झालं ते अशाच सुटलेल्या मुलांसाठी. सहलीच्या लशीवर खर्च करायला सरकारकडे पैसा असेल, तर तो आधी या लेकरांच्या मागे, मिरचीच्या शेतापर्यंत जावा. टायफॉइडचंही तसंच. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना टायफॉइडची लस मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्या भागातल्या मुलांना रोजच्या पाण्यातून तो धोका आहे. परदेशी जाणाऱ्याआधी त्यांचा नंबर लागला पाहिजे.

दादांच्या प्रसंगानंतर लोक मला विचारत राहिले, म्हणून कामाच्या गोष्टी इथे सांगतो.

जाताना कोणता देश काय मागतो एवढंच विचारू नका, परतताना भारत काय मागतो तेही विचारा. विमान मध्ये कुठे थांबतं, तेही सांगा. सहल कंपनीच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाची अधिकृत केंद्रांची आणि देशांची यादी स्वतः पाहा.

चौकशी निघण्याच्या दीड-दोन महिने आधी करा. पीतज्वराचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून केंद्रं ठराविक दिवशीच लस देतात. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, तेव्हा पिवळं कार्ड पासपोर्टसोबत जपा. त्यावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच तपासून घ्या. सुई न घेता कार्ड आणून देतो म्हणणारा दलाल भेटला तर त्याला दारात उभं करू नका. त्यात तुमचा जीव आणि देश दोन्ही धोक्यात येतात.

साठी ओलांडली असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर सुई घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ही जिवंत विषाणूची लस आहे.

मलेरियासाठी लशीची वाट पाहू नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-21 लशीची जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये शिफारस केली, ती मलेरियाग्रस्त भागातल्या मुलांसाठी. मोठ्या प्रवाशाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या, मच्छरदाणी आणि अंगभर कपडे हेच उपाय. गडचिरोलीच्या जंगलात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू. परतल्यावर कित्येक आठवड्यांनी ताप आला तरी 'मी भामरागडला गेलो होतो' किंवा 'आफ्रिकेत होतो' हे डॉक्टरांना न विचारता सांगा आणि रक्त तपासा. आपल्या गावात आशाताई ती तपासणी फुकट करतात.

कुठेही कुत्रा किंवा माकड चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. आपल्या सरकारी दवाखान्यात ती मोफत असते.

आणि मिरची तोडायला जाणाऱ्या ताई-दादांनो, लेकराचं माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात नक्की ठेवा. बाळाच्या नियमित लशी तेलंगणातही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तिथे कोणी परत पाठवलं तर गावातल्या आशाताईला फोन लावा. तुमच्या बाळाची ती लस म्हणजे सरकारवरचा तुमचा हक्क आहे. तो सोडू नका.