प्रोबेट मिळालं, घर नाही

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मृत्युपत्रावर सही केली ती मुंबईत परळला, वकिलाच्या ऑफिसात बसून. हीच सही आमच्या गावी, रायगडातल्या दासगावला, निदान महाडला झाली असती, तर आमचं निम्मं रामायण टळलं असतं. हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. मृत्युपत्र तयार करणाऱ्या वकिलाने नाही, आणि नंतर ज्यांनी केस घेतली त्यांनीही नाही. फी मात्र दोघांनी चोख घेतली.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. त्यातली ५७ आणि २१३ ही कलमं एकत्र वाचली की अर्थ असा निघायचा: हिंदू माणसाने मुंबई शहरात मृत्युपत्र केलं, किंवा त्यातली स्थावर मिळकत मुंबईत असली, तर कोर्टाचं प्रोबेट आणल्याशिवाय त्या कागदावर हक्क सांगता यायचा नाही. रायगडात केलेलं मृत्युपत्र आणि रायगडातलंच घर असेल, तर ही सक्ती नव्हती. आमचं घर दासगावचं, सही परळची. म्हणून हायकोर्ट. आणि आमचं सगळं उरकल्यावर, २०२५च्या डिसेंबरात, संसदेने कलम २१३ काढूनच टाकलं! हसावं की रडावं.

अर्जाचं सांगण्यासारखं फार नाही. आम्ही दोघी बहिणी, आई आधीच गेलेली. घर माझ्या नावे लिहिलेलं, ताईने संमतीचं प्रतिज्ञापत्र आनंदाने दिलं. सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी एक हयात होते, त्यांना हातापाया पडून आणलं. मिळकतीच्या किमतीवर कोर्ट फी भरली. वर्ष उलटलं आणि शिक्क्याचा कागद हातात आला. मी पेढे वाटले.

गिऱ्हाईक तयारच होतं. महाड एमआयडीसीत नोकरी करणारे गृहस्थ, हायवेजवळचं घर हवं होतं. त्यांनी आधी पुराचं निमित्त करून भाव पाडला. सावित्री नदीचं पाणी, २०२१ चा जुलै, दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे पाणी तुंबतं ही महाडकरांची तक्रार, सगळं मला ऐकवलं. जसं काही मला माहीत नाही. तरी बयाणा घेतला आणि नमुना आठचा उतारा काढायला ग्रामपंचायतीत गेले.

तिथे ग्रामसेवकांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मालकाच्या रकान्यात माझे आजोबा, जे मी जन्मायच्या आधी वारले. भोगवटादाराच्या रकान्यात माझा चुलतभाऊ. अण्णांचं नाव कुठेच नाही. मी प्रोबेट पुढे केलं. ग्रामसेवक भला माणूस. त्यांनी ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि फाइलमधून एक अर्ज काढला. भाऊचं अक्षर मी ओळखते, र ला शेपूट काढायची त्याची सवय आहे. ‘सदर घर वडिलोपार्जित, अविभक्त. माझ्या संमतीशिवाय कोणाचेही नाव लावू नये.’ खाली तारीख. त्याच तारखेच्या आदल्या रात्री मी त्याच्याच घरी वडे-सागुती खाल्ली होती, आणि वाढता वाढता तो म्हणाला होता, “घर तुझंच आहे गं बाय, मी कशाला मध्ये येऊ?”

तेव्हा कळलं ते असं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे, सही अण्णांचीच आहे, एवढंच कोर्ट सांगतं. घर अण्णांचं होतं का, हे ते कोर्ट बघतच नाही. माणूस आपलं असेल तेवढंच लिहून देऊ शकतो. आजोबांच्या घरात अण्णांचा हिस्सा निम्मा, निम्मा काकांचा, म्हणजे भाऊच्या वडिलांचा. अण्णा आणि काकांची वाटणी झाली होती, पण तोंडी, पंचांसमोर. तोंडी वाटणी कायद्याला चालते, पण सिद्ध करायची कोणी? पंच सगळे वर गेले. म्हणजे कोर्ट फी मी अख्ख्या घरावर भरली आणि हातात निम्मं घर, तेही भांडणाचं.

भाऊची तयारी बघा. २००५च्या जुलैत दासगाववर दरड आली, तेव्हा अण्णा रजा टाकून गावी धावले, मागची भिंत बांधून घेतली. पैसे अण्णांचे. पावत्या भाऊच्या नावावर, कारण सिमेंट आणायला तो गेला होता. २०२१च्या पुरानंतर तलाठ्याने पंचनामा केला, तो घरात जो हजर होता त्याच्या नावे. दोन्ही कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. मुंबईला राहणाऱ्यांनो, पुरानंतर गावच्या घराचा पंचनामा होईल तेव्हा स्वतः हजर राहा, किंवा मालक म्हणून आपलं नाव घालून घ्या आणि नक्कल मागून ठेवा. मदतीच्या रकमेसाठी नव्हे. ती गेली खड्ड्यात. पुराव्यासाठी.

मृत्युपत्र करण्याआधी उतारा बघा, मग वकील बघा. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. पण गावात पहिलं बोट त्याच्यावरच ठेवतात. गावठाणाचा सिटी सर्व्हे झाला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. सोबत शेतजमीन असेल तर सातबारावर एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून कोणा एकाचंच नाव राहिलंय का, ते पाहा. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांच्या जागी वारस लावले, पण ते सातबाराला. गावठाणातल्या घराला त्याचा काय उपयोग.

दुसरं, हे मला फार उशिरा एका निवृत्त सर्कल ऑफिसरने चहा पिताना फुकट सांगितलं. सगळे वारस एकमताचे असतील तर मृत्युपत्राच्या मागे धावण्याआधी साधा रस्ता विचारा. आम्ही दोघीच वारस. वारस म्हणून दोघींची नावं लावून ताईने मला नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं असतं तर हायकोर्टाची पायरी चढावी लागली नसती. भाऊ तेव्हाही आडवा आला असता, मान्य. पण वर्ष वाचलं असतं आणि फी.

नातेवाईकांशी गोड बोला, सगळं लेखी ठेवा, वगैरे वगैरे. तेही खरंच.

गिऱ्हाइकाने बयाणा परत मागितला, मी दिला. माझा अविभक्त हिस्सा विकायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला एकत्र ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. असं घर घेणार कोण? वाटपाचा दावा लावला असता तर निकाल माझ्या नातवाने ऐकला असता. शेवटी ज्याला पहिल्या दिवसापासून घर हवं होतं, त्यालाच दिलं. वर गावात बोलणं माझ्याच नावाने, की पोरीने माहेर विकलं. घेतलं कोणी, ते कोणी विचारत नाही.

भाऊ म्हणाला, “पाचशेच्या स्टॅम्पवर हक्कसोड करून टाक, पैसे हातात देतो.” इथे मात्र मी हलले नाही. हक्कसोडपत्रात मोबदला न घेता हक्क सोडला असं लिहायचं आणि रोख मोजायचे, म्हणजे उद्या त्याने निम्मेच दिले तर मी कुठे जाऊ? महाडच्या दुय्यम निबंधकांकडे रीतसर खरेदीखत केलं, रक्कम बँकेतून, आणि ती खात्यात दिसल्यावरच अंगठा लावला. चेहरा पडला होता त्याचा.

खरेदीखत झालं की वीजमीटरचं नावही त्याच आठवड्यात बदलून घ्या. आमचं राहिलं. मीटर अजून अण्णांच्या नावे आणि मोबाइल नंबर माझा, त्यामुळे भाऊच्या फ्रीजचं नि पंपाचं बिल दर महिन्याला मला कळतं. मागच्या महिन्यात थकबाकीची नोटीस आली. मी त्याला कळवलेलं नाही.