ऐकावे जनाचे, करावे विवेकाचे

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. परंतु तिचे दोन्ही भाग एकाच वेळी पाळणे किती कठीण आहे, हे निर्णयाची वेळ आल्याखेरीज कळत नाही. या विषयाचा एक धडा आपल्या समाजाच्या इतिहासातच आहे. तो धडा वतनाचा होय.

वतन म्हणजे काय, हे आज नव्या पिढीला समजावून सांगावे लागते. रयतेला चावडीवर बोलावणे, सरकारी टपाल पोहोचविणे, आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई करणे, गावाची राखण करणे, अशी कामे वंशपरंपरेने करावयाची आणि मोबदल्यात थोडी इनाम जमीन व गावकऱ्यांकडून बलुते घ्यावयाचे, अशी ही पद्धत होती. मुंबई इलाख्यात 1874 च्या कायद्याने ती पक्की झाली होती. कामाला दिवस-रात्रीचे बंधन नव्हते. वतनदार घरी नसेल, तर घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. मुलाने कोण व्हावयाचे, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकातून या वतनाची कठोर चिकित्सा केली. वतनाने पोट भरत नाही. उलट माणसाचा स्वाभिमान आणि महत्त्वाकांक्षा मारली जाते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. सेवेतून मोकळे होऊन, पूर्ण सारा भरून जमीन राखण्याचा मार्ग वतनदारांना खुला व्हावा, असा त्याचा हेतू होता. पुढील वर्षी ते विधेयक मागे घ्यावे लागले.

विरोध केवळ सरकारी बाकांवरून किंवा सवर्ण गावकऱ्यांकडूनच होता, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्यांच्यासाठी हा लढा होता, त्यांच्यातील अनेकांनाही वतन हाच आपला गावातील मान आणि हक्क वाटत होता. परक्यांची नापसंती माणूस सहन करतो. आपल्यांची नापसंती अधिक जड जाते. तरीही बाबासाहेबांनी वतनदारांकडे पाठ फिरविली नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तेव्हा ते स्वतः तेथे आले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा अखेर 1958 चा. तो पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते.

कायदा होण्यापूर्वीच अनेक सामान्य माणसांनी हे ओझे स्वतःहून उतरविले होते. माझे आजोबा त्यांपैकी एक. उमरगा भाग तेव्हा निजामी राजवटीत होता. बलुत्याची आणि येसकरकीची रीत इकडेही होती. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी येसकर पाळी करण्याचे नाकारले. “उपाशी मराल,” असे गाव म्हणाले. “वाडवडिलांचा हक्क घालवू नका,” असे भावकी म्हणाली. आजीसुद्धा चार दिवस बोलली नाही. आजोबांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि सोलापूरच्या गिरणीची वाट धरली. पुढे माझे वडील आमच्या घरातील पहिले मॅट्रिक झाले.

हा प्रसंग मी वर्षानुवर्षे वर्गात अभिमानाने सांगत आलो. त्याचा अर्थ मात्र मला माझ्या मुलीने शिकविला. पुण्यात दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी केल्यानंतर ती एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, “बाबा, मला कर्णबधिर मुलांना शिकवायचं आहे. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेते.” मी संतापलो. लोक काय म्हणतील, नातेवाइकांना काय सांगू, दोन वर्षांचा खर्च वाया गेला, असे सारे बोलून गेलो. तिने शांतपणे विचारले, “पणजोबांनी येसकरकी सोडली, तेव्हा गावाची परवानगी घेतली होती का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या वाक्यांनी गावाने माझ्या आजोबांना अडविले होते, जवळजवळ तीच वाक्ये माझ्या तोंडी आली होती. आज ती आपल्या बोर्डिंगमध्ये शिकविते आहे, असे सांगता आले असते तर गोष्ट गोड झाली असती. तसे नाही. ती दूरच्या शहरात कमी पगारावर काम करते. तिची काळजी मला आजही वाटते. परंतु तिचा निर्णय चुकला, असे आता वाटत नाही.

मग प्रत्येकाने मनाला येईल ते करावे काय? तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथे मार्गदर्शक आहे. केवळ परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नका, हा त्यातील भाग आपण नेहमी सांगतो. पुढील भाग मात्र सहसा सांगत नाही. लोभ, द्वेष आणि मोह यांतून हे कृत्य उपजते काय, त्याने अहित होते की कल्याण, आणि सुज्ञ लोक त्याची निंदा करतात की प्रशंसा, हेही तपासावयाचे आहे. म्हणजे जनांच्या नापसंतीला किंमत आहे. पण सर्वांच्या नापसंतीला सारखी किंमत नाही. ज्याला आपले हित कळते आणि ज्याला आपल्या निर्णयातून काही मिळवावयाचे नाही, त्याचा विरोध थांबून ऐकावा. ‘लोक काय म्हणतील’ एवढेच ज्याचे कारण आहे, त्याचा विरोध नम्रपणे ऐकावा आणि पुढे चालावे. ऐकणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे.

आणखी एक अट आहे. निर्णय आपला असेल, तर त्याची किंमतही आपणच मोजावी. आजोबांनी ती परगावातील श्रमाने मोजली.

पालकहो, आपली मुले पुणे, लातूर, हैदराबादकडे शिकावयास जातात. विषय, नोकरी, जोडीदार यांबाबत ती आपल्यापेक्षा वेगळे काही बोलतील, तेव्हा आपण चावडीवरच्या गावासारखे बोलत नाही ना, एवढे स्वतःला विचारावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांसाठी एक स्वाध्याय: जो निर्णय घ्यावयाचा आहे, तो कागदावर लिहा. त्याला विरोध करणाऱ्या प्रत्येकाचे कारण त्याखाली प्रामाणिकपणे मांडा. त्यांतील किती कारणे तुमच्या हिताची आहेत आणि किती केवळ लोकलज्जेची, हे मोजा. नंतर कागद घडी करून ठेवा आणि निर्णय स्वतः घ्या.

जयभीम!