उताराची तयारी

सातारा शहर सोडून पश्चिमेकडे निघाले की यवतेश्वराचा घाट लागतो. वळणे घेत घेत हा रस्ता पुढे कासच्या पठाराकडे जातो. या घाटातून जाणारे सायकलस्वार पाहून एखाद्या मुलाला किंवा मुलीला डोंगरी सायकलींच्या मंडळात जावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. चढताना दम लागतो, पोटऱ्या भरून येतात. म्हणून नवशिक्यास वाटते की खरी परीक्षा चढाचीच आहे. वस्तुतः चढावर दमलेल्यास खाली उतरून सायकल हाती धरून चालता येते. उतारावर सुटलेली सायकल मात्र कोणाचेच ऐकत नाही.

या खेळाच्या आरंभीच्या शर्यती उतारावरच झाल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशा एका वाटेवर शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये असे. पेडल उलट दाबले की तो लागे. उतारभर ब्रेक दाबून हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. अशा पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले! पुढे १९९६ साली अटलांटा येथील ऑलिम्पिक सामन्यांत या खेळास स्थान मिळाले.

आजच्या डोंगरी सायकलीला दोन्ही चाकांना चांगले ब्रेक असतात; पण ते लावणारा हात शिकवावाच लागतो. ब्रेक लावताच स्वाराचा भार पुढे सरकतो, म्हणून पुढील चाकाच्या ब्रेकचा जोर अधिक. तो एकाएकी आवळला तर स्वार हँडलवरून फेकला जातो. केवळ मागील ब्रेक आवळला तर बारीक खडीवर चाक घसरते. यासाठी वळण येण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, पेडल समपातळीत ठेवावीत आणि बैठकीवरून किंचित उठून अंग मागे न्यावे. नजर पुढच्या वाटेवर असावी. ज्या दगडाकडे पाहत राहावे त्याच्यावरच चाक जाते. शाळेच्या मैदानावर फक्कीची रेघ ओढून तिच्यापाशी नेमके थांबण्याचा सराव चार-आठ दिवस केला, तरी हात पुष्कळ तयार होतो.

सांगलीच्या मुलांची अडचण निराळी आहे. कृष्णाकाठचा मुलूख सपाट, त्यामुळे रोज सायकलने शाळेत जाणाऱ्यासही गिअरचे काम पडत नाही. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराकडे वळल्यावर ते कळते. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा; जोर लावीत असताना तो बदलू गेल्यास साखळी कुरकुरते, प्रसंगी उतरतेही. पंक्चरशी मात्र या मुलांची ओळख जुनी! ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे, ती जागा घासून ठिगळ लावणे, हे शिकता येते. परंतु टायरच्या आत बोट फिरवून बाभळीचा काटा काढण्यास जो विसरतो, त्याला तेच काम पुन्हा करावे लागते.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाची सुरुवातही सायकलींपासूनच झाली. १८८८ साली बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान निघाले. लोखंडी नांगर त्यानंतरचा.

मंडळाच्या पहिल्या सहलीस निघताना हवा, ब्रेक आणि साखळी ही ज्याची त्याने तपासावी. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये. सायकल मोठ्या भावाची असेल तर बैठक खाली घ्यावी. तरीही पाय टेकत नसतील तर ती घरीच ठेवलेली बरी. कासच्या पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर अगदी पातळ आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर फुले येतात. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावर डोंगरी सायकलसुद्धा रस्त्यावरच ठेवायची असते. तेथे डबे उघडतात, पाणी पिऊन होते. मग परतीच्या उताराआधी सर्वजण पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहतात आणि मध्ये पुरेसे अंतर ठेवून एकामागून एक निघतात.