दोन इंजिनं, तीन बॅटऱ्या आणि लाखभराचा हिशेब

कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या मुखाबाहेर आमची बोट डॉल्फिन पाहायला थांबली होती. मागे दोन आउटबोर्ड, दोन्ही बंद. पोरांसाठी गाणी चालू, जीपीएस चालू, फिशफाइंडर चालू. पाऊण तासानं तांडेलानं चावी फिरवली तेव्हा डाव्या इंजिनानं नुसतं ‘टक्’ केलं. उजव्यानंही तेच. वाऱ्यानं बोट मुखावर फुटणाऱ्या लाटांकडे सरकायला लागली होती. जवळच्या एका बोटीनं दोर टाकून ओढून आणलं म्हणून निभावलं. किनाऱ्यावर येऊन पाहिलं, तर बॅटरीचा गोल स्विच कित्येक दिवस ‘बोथ’वर राहिलेला. गाण्यांनी दोन्ही बॅटऱ्या एकदमच प्यायल्या होत्या.

एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी यावं, म्हणून आपण दुसऱ्या इंजिनाचे लाखो रुपये मोजतो. ती खात्री विजेच्या बाजूनंही मिळवायची असेल, तर प्रत्येक इंजिनाला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा स्विच हवा, आणि दिवे-गाणी-जीपीएस यांची बॅटरी तिसरी हवी. दोरी ओढून इंजिन चालू करायचे दिवस मोठ्या इंजिनांपुरते संपले आहेत. ११५ हॉर्सपॉवरच्या आजच्या इंजिनात इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही बॅटरीवरच जागे होतात.

पुढचा हिशेब चोवीस ते सव्वीस फुटी बोट आणि ११५ हॉर्सपॉवरची दोन इंजिनं धरून केला आहे. आकडे अंदाजपत्रक बांधण्यापुरते आहेत. गावाप्रमाणे आणि ब्रँडप्रमाणे ते हलतात, तेव्हा लेखी कोटेशन दोन दुकानांतून घ्याच.

सुरुवात बॅटरीपासून. इंजिनासाठी क्रँकिंगची, म्हणजे क्षणभर भरपूर करंट देणारी बॅटरी लागते. ८० ते १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांचे २० हजारांच्या आसपास धरा. इंजिनाच्या पुस्तिकेत किमान क्रँकिंग अँपिअर दिलेले असतात, ते वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. तिसरी बॅटरी डीप सायकल जातीची घ्या, कारण तिला हळूहळू रिकामं व्हायचं आणि पुन्हा भरायचं असतं; तिचे १३ ते १५ हजार. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी बोटीत आणू नका. हेलकाव्यात ती कलंडते, आणि शिशाच्या बॅटरीतल्या आम्लाला समुद्राचं पाणी लागलं की क्लोरीन वायू सुटतो. प्रत्येक बॅटरी खोक्यात, पट्ट्यानं आवळलेली हवी. हातानं हलवून पाहिली तर इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये.

तिसरी बॅटरी खरंच लागते का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी बोटीवरचा भार एकदा कागदावर मांडावा. गाण्यांचा सेट ६ अँपिअर, जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून २, एलईडी दिवे १. दोन तासांत १८ अँपिअर-अवर गेले. बिल्ज पंप मधूनमधून चालला की २० झाले. ही तूट परतीच्या अर्ध्या तासात भरून निघेल हा भ्रम आहे. या ताकदीच्या इंजिनाचा अल्टरनेटर साधारण ३५ ते ४० अँपिअरचा असला, तरी तो आकडा वेगात चालतानाचा. मंद गतीला त्याचा एक भागच मिळतो, त्यातूनही इंजिन स्वतःची गरज आधी भागवतं. वर शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कितीतरी तास घेते. सीझनमध्ये दिवसाला चार फेऱ्या मारणारी बोट म्हणूनच रोज थोडी थोडी उपाशी राहते, आणि मार्चमध्ये कधीतरी एका सकाळी चावीला दाद देत नाही.

आता जोडणी. डाव्या बॅटरीला एक ऑन-ऑफ स्विच, उजवीला एक, तिसऱ्या, म्हणजे सर्व्हिस बॅटरीला एक, आणि चौथा फक्त संकटात दोन बॅटऱ्या जोडण्यासाठी. असे मरीन दर्जाचे चार स्विच साधारण १४ हजारांत येतात. ‘१-२-बोथ’वाला एकच गोल स्विच स्वस्त पडतो, पण तो माणसाच्या आठवणीवर चालतो, आणि दिवसभर पर्यटक चढवून-उतरवून थकलेल्या तांडेलाच्या आठवणीवर हे ओझं टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. इंजिन चालू असताना मात्र यांपैकी कुठलाच स्विच ‘ऑफ’ करायचा नाही. अल्टरनेटरची वीज जायला जागा उरली नाही की व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर जळू शकतो. हे वाक्य स्विचशेजारी रंगानं लिहून ठेवा.

सर्व्हिस बॅटरी भरण्यासाठी व्होल्टेज ओळखणारा रिले लागतो. बाजारात त्याला व्हीएसआर किंवा एसीआर म्हणतात. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३ ते १३.७ च्या टप्प्यात गेलं की तो दोन बॅटऱ्या जोडतो, आणि इंजिन बंद झाल्यावर १२.८ च्या आसपास उतरलं की आपोआप तोडतो. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. मालाप्रमाणे ७ हजारांपासून १५ हजारांपर्यंत जातो. दोन इंजिनांवर दोन रिले बसवण्याचा आग्रह दुकानदार धरतो. मी एकच बसवतो, डाव्या इंजिनावर. उजव्या इंजिनाची बॅटरी कुणाशीही न जोडलेली, पूर्ण एकटी राहू दे. बाकी सगळं बिघडलं तरी तिच्यावर एक इंजिन चालू होतं.

बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचची तार मात्र सर्व स्विचना वगळून, फ्यूज घालून थेट सर्व्हिस बॅटरीवर घ्या. रात्री नांगरावर असलेल्या बोटीत पाणी शिरलं तर सगळे स्विच बंदच असणार.

पैसे वाचवावेत असं सर्वांना वाटतं ते केबलमध्ये, आणि तिथेच वाचवू नयेत. स्टार्टर १८० अँपिअर ओढतो असं धरा. बॅटरी इंजिनापासून चार मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तार. १६ स्क्वेअर मिलिमीटरची केबल असेल तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट हरवतात. ३५ ची असेल तर पाऊण व्होल्टच्या आसपास, ५० ची असेल तर अर्ध्याहून किंचित जास्त. बॅटरी नवी, इंजिन नवं आणि तरी चावी जड, याचं कारण बहुतेक वेळा या आकड्यांत सापडतं. साधी वेल्डिंग केबल निम्म्या भावात मिळते, पण खाऱ्या हवेत तिच्या आत हिरवा जंगाल चढत जातो, बाहेरून दिसतही नाही. कथिलाचा मुलामा दिलेली, टिन्ड तांब्याची केबल घ्या. वीस-पंचवीस मीटरचे २० ते २२ हजार जातील. लग हायड्रॉलिक क्रिम्परनंच दाबून घ्यायचे, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. बॅटरीवर फुलपाखरी नट नको, लॉकनट हवा. लग, बसबार, फ्यूज मिळून ८-९ हजार. स्टार्टरच्या मुख्य केबलला फ्यूज नसला तरी चालतं, बाकी प्रत्येक पॉझिटिव्ह तारेला हवाच. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं मानक तो बॅटरीपासून ७ इंचांच्या आत ठेवायला सांगतं, कारण फ्यूजच्या अलीकडे तार घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

कोटेशनमध्ये सहसा न दिसणारी एक ओळ तुम्ही स्वतः घाला: तिन्ही बॅटऱ्यांचे आणि दोन्ही इंजिनांचे निगेटिव्ह एकमेकांना जाड केबलनं जोडणे. पॉझिटिव्ह वेगळे ठेवायचे, निगेटिव्ह एकत्र. ही केबल नसेल आणि एका इंजिनाचा निगेटिव्ह ढिला झाला, तर स्टार्टरचा सगळा करंट परतीसाठी कंट्रोल आणि मीटरच्या बारीक तारांतून वाट काढतो. हार्नेस तिथेच वितळतो. दोन मीटर केबलच्या खर्चात हे टळतं.

लिथियम बॅटरीचा मोह सध्या सगळ्यांना आहे; वजन निम्म्याहून कमी, म्हणून तो समजण्यासारखाही आहे. पण चार्ज होताना तिच्यातल्या संरक्षण-यंत्रणेनं अचानक जोड तोडला, तर अल्टरनेटरला तोच व्होल्टेजचा झटका बसतो. ती घ्यायची तर सर्व्हिस बॅटरी म्हणून घ्या, आणि रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर बसवा. खर्च तिथे बराच वाढतो.

किनाऱ्यावरच्या चार्जरचे ७ हजार धरा, १५ अँपिअरचा, बॅटरी भरल्यावर आपोआप फ्लोटवर जाणारा. पावसाळ्यात, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद असतं तेव्हा, बॅटऱ्या उतरवून घरी आणा आणि महिन्यातून एकदा भरा. रिकामी ठेवलेली शिशाची बॅटरी सल्फेट धरून मरते. स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मजुरी ८ ते १२ हजार.

सगळं मिळून लाखाच्या आसपास जातं. तेवढे पैसे एकदम नसतील तर तिसरी बॅटरी, तिचा स्विच आणि रिले पुढच्या सीझनवर ढकला. ७५ ते ८० हजारांत काम होतं. तोवर दिवे-गाणी डाव्या बॅटरीवर ठेवा, उजवीला हात लावू नका.

कारागिराचे शेवटचे पैसे हातात ठेवून एक चाचणी घ्या. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं इंजिनावरच्या पॉझिटिव्ह टोकावर लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलातरी लग कच्चा आहे. निगेटिव्हवरही तसंच करा. मग दोन्ही इंजिनं बंद असताना डावीचा स्विच बंद करून उजवं इंजिन चालू करा. ते बंद करून उजवीचा स्विच बंद, डावीचा चालू, आणि आता डावं इंजिन चालू करा. शेवटी संकटाचा जोड-स्विच फिरवून पाहा. हे तांडेलाच्या हातून करवून घ्या, धक्क्याला बोट बांधलेली असताना, दोनदा.