कान आणि बोली : पहिलीच्या वर्गातील एक पडताळा

कर्जत-खालापूर भागातील एखाद्या ठाकर वा कातकरी वाडीवरून येणारे मूल 'वेळ' सांगितले असता 'वेल' म्हणते, तेव्हा त्यास मंद ठरविण्यापूर्वी शिक्षकाने पुढील पडताळा घ्यावा. मुलास पाठमोरे बसवावे, म्हणजे ओठ पाहून ते उत्तर देणार नाही. मग 'धार–दार', 'घडी–गडी', 'माळ–माल', 'वेळ–वेल' अशा दहा-बारा जोड्या सावकाश उच्चाराव्या. मधूनमधून 'दार–दार' अशी एकसारखी जोडीही घालावी. शब्द सारखे की निराळे, एवढेच मुलाने सांगावयाचे. पत्र्यावर पाऊस वाजत असता ही परीक्षा व्यर्थ होय. आषाढात शांत घटका शोधावीच लागते.

मूल इतर जोड्या ओळखून 'ळ' व 'ल' येथेच अडखळले, तर दोष कानाचा मानू नये. उत्तर कोकणातील कित्येक बोलींत 'डोळा' हा 'डोला'च असतो. तो भेद घरी कानी पडलेलाच नसतो. (आपल्याच जिल्ह्यात कोर्लईस घरी पोर्तुगीज वळणाची बोली बोलणाऱ्या मुलांसही हाच न्याय लावावा.) असा भेद पुनःपुन्हा ऐकवून शिकवावा, वर्गास हसू देऊ नये. मात्र 'धार–दार' हीही जोडी कळेना, किंवा कान वाहत असेल, तर पालकांस समक्ष भेटून मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.