डाव्या बाजूची कोशिंबीर ताटाच्या मध्यभागी

चि. सोनूस,

रात्रीच्या जेवणाबद्दल तू विचारलंस ते फोनवर सांगून संपणारं नाही. म्हणून लिहायला बसले. हे पत्र ओट्याजवळ कुठेतरी ठेव, चार-सहा आठवडे तुला ते लागेल.

बँकेतून खोलीवर पोचायला साडेआठ होतात, त्या वेळी कुकर लावायचं त्राण नसतं, म्हणून तू काकडी, टोमॅटो, कोबी चिरून वर लिंबू पिळून खातेस आणि अकराच्या सुमारास फरसाणाचा डबा उघडतेस. यात तुझ्या मनोनिग्रहाचा काही दोष नाही. काकडीत आणि टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असतं, कोबीतही त्याच्या खालोखाल. एवढ्यावर दिवसभर राबलेल्या माणसाने झोपावं अशी अपेक्षा ठेवणंच चुकीचं आहे. सॅलडने पोट भरत नाही असं तू म्हणतेस. मी म्हणते, तू अजून पोटभरीचं सॅलड केलेलंच नाहीस.

आपल्या ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला, चटणी-लोणच्याच्या पंगतीत वाढतात. जेवणाचा भार उजवीकडच्या भाजी-उसळीवर आणि मधल्या भातावर. त्यामुळे कोशिंबीर म्हणजे तोंडी लावणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आठव. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. वाटीभर आंबेडाळ आणि पन्हं घेऊन आलेल्या बाईला घरी जाऊन जेवायची इच्छा राहत नाही. डाळीचा भार, कैरीचा आंबटपणा, खोबऱ्या-तेलाची स्निग्धता आणि कच्च्या कोथिंबिरीचा ताजेपणा, सगळं एका वाटीत. तुला रात्री जे हवंय ते हेच, फक्त डाळीच्या जागी शिजवलेलं कडधान्य आणि सोबत भरपूर भाज्या. उजवीकडची उसळ आणि डावीकडची कोशिंबीर एकत्र करून ताटाच्या मध्यभागी आणायची.

किती खायचं, याचा हिशोब एकदाच करून ठेव. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये ठरवून दिलेलं प्रथिनांचं प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम आहे. तुझ्या 55 किलोंना साधारण 46 ग्रॅम होतात. नाश्ता तुझा पोह्या-उपम्याचा आणि दुपारचा डबा बराचसा भाताचा. तेव्हा रात्री वीसेक ग्रॅम मिळाले तर दिवस भरून निघतो. शिजवलेले हरभरे दीडशे ग्रॅम घेतलेस तर त्यातून बारा-तेरा ग्रॅम, एका उकडलेल्या अंड्यातून सहा आणि दोन चमचे दाण्याच्या कुटातून तीन-चार. झालं काम. रोज वजनकाटा काढू नकोस. तुझी मोठी वाटी भरून कडधान्य आणि त्याच्या दुप्पट भाज्या, एवढं नजरेला सवयीचं झालं की पुरे.

आता रविवारचा स्वयंपाक. इथे माझं एक सांगणं आहे आणि ते तू हट्टाने पाळावंस असं मला वाटतं: रविवारी पदार्थ पुरा करायचा नाही. फक्त शिजवायचं, गार करायचं आणि वेगवेगळं ठेवायचं. फोडणी, आंबट, मीठ, कांदा हे सगळं रात्री ताटात. चार दिवसांची उसळ एकदम करून ठेवलीस तर मंगळवारी तिचा कंटाळा येईल आणि बुधवारी ती टाकून देशील. नुसते शिजवलेले हरभरे मात्र सोमवारी कैरीबरोबर, मंगळवारी दह्याबरोबर आणि बुधवारी भाजलेल्या भोपळ्याबरोबर खाता येतात आणि दर वेळी चव निराळी लागते.

हरभरे रात्रभर भिजव, भिजवताना पाण्यात थोडं मीठ टाक. उसळीसाठी शिजवतो त्यापेक्षा एक शिट्टी कमी कर, दाणा बोटात दाबला तर दबावा पण फुटू नये. चवळी भिजवली की फार लवकर मऊ होते, तिला कुकरमध्ये घालूच नकोस, पातेल्यात झाकण ठेवून शिजव. मूग-मटकीला मोड आणून चाळणीवर सात-आठ मिनिटं वाफवायचे. मोड आलेलं कच्चंच खाण्याचा आग्रह कुणी केला तरी ऐकू नकोस. ओल्या उबेत मोड येतात तसेच जंतूही वाढतात आणि रत्नागिरीच्या दमट हवेत तर जास्तच. कडवे वाल मला जिवापाड आवडतात, पण त्यांची डाळिंबी करायची ती ताजी आणि गरम. सोलायला वेळ फार लागतो आणि ठेवलेली डाळिंबी ढवळली की मोडते. त्यांना या कामातून वगळ.

कुळीथ मात्र सोडू नकोस. घाटावरची माणसं त्याला हुलगे म्हणतात आणि फारसा मान देत नाहीत. कोकणात आपण त्याच्या पिठाचं पिठलं करतो आणि अख्खे कुळीथ विसरतो, याचं मला वाईट वाटतं. कोरड्या कुळथात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत, वर्षभर टिकतो, स्वस्त मिळतो आणि त्याचा दाणा शिजूनही आकार सोडत नाही. सॅलडला याहून चांगला गुण कुठला? मोड आणलेले कुळीथ चार-पाच शिट्ट्यांत शिजतात. त्यांचं पाणी ओतू नकोस. त्यात दोन आमसुलं, ठेचलेली लसूण आणि मिरची घालून त्याच रात्री कढण करून पी. रविवारचं जेवण कढण-भात आणि पुढच्या तीन रात्रींचे कुळीथ डब्यात.

शिजवणं सोपं आहे, सांभाळणं अवघड. अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळलं की त्यात जंतू भराभर वाढतात आणि मे महिन्यातली तुझी खोली नेमकी त्याच मधल्या पट्ट्यात असते. कुकरमधून काढलेलं कडधान्य रोळीत निथळवून मोठ्या परातीत पसर, पंख्याखाली ठेव, वाफ गेली की लगेच उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हायला हवं. खोल पातेल्यात भरलेलं अन्न वरून गार आणि मधे कोमट राहतं, म्हणून डबे लहान घे. काढताना कोरडा चमचा वापर आणि त्या रात्रीपुरतंच काढ. तीन दिवस निर्धास्त, चौथ्या रात्री संपवायचंच, पाचवा दिवस नाही. भात मात्र असा शिजवून साठवू नकोस. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि बाहेर राहिलेल्या भातात ते वाढतात. पिष्ट पदार्थ हवाच असेल तर रताळं घाल किंवा सोबत भाकरी घे.

हे सगळं वीज आहे तोवर. पाऊस आता तोंडावर आलाय आणि रत्नागिरीत हा तुझा पहिलाच पावसाळा, म्हणून मुद्दाम सांगते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. तसं दरवर्षी होत नाही, पण जोराच्या सरीत दोन-चार तास दिवे जाणं नवलाचं नाही. दार उघडलं नाही तर फ्रिजमधलं अन्न साधारण चार तास गार राहतं. त्याहून जास्त वेळ वीज गेली तर डब्यातलं कडधान्य आणि मासे टाकून दे, वास घेऊन ठरवू नकोस, कारण बाधणाऱ्या अन्नाला वास येतोच असं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार रात्रींचं एकदम न करता दोनच रात्रींचं कर, रविवारी एकदा आणि बुधवारी एकदा. बुधवारचं काम फार नाही, भिजवलेले मूग वाफवायला अर्धा तासही लागत नाही.

भाज्यांचं गणित थोडं वेगळं. तांबडा भोपळा, रताळं, गाजर, बीट, फरसबी या रविवारच्या भाज्या. भोपळ्याच्या आणि रताळ्याच्या जाड फोडींना तेलाचा हात लावून बिडाच्या तव्यावर मंद आचेवर भाज. कडा तपकिरी होईपर्यंत हलवू नकोस. वाफवलेला भोपळा दुसऱ्या दिवशी लगदा होतो, भाजलेला टिकतो आणि गोडही लागतो. फरसबी वाफवून लगेच गार पाण्यात टाक म्हणजे हिरवी राहील. बीट वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळंच लाल. काकडी, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर रात्रीच चिरायची. ओलं खोबरंही आयत्या वेळी खवायचं, किंवा एक नारळ खवून त्याच्या लहान पुड्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या. शिजवलेल्या डब्यात खोबरं घातलंस तर सगळ्यात आधी तेच आंबेल आणि बाकीचंही घेऊन जाईल.

बाजारातली बरीचशी भाजी कोल्हापुराकडून घाट उतरून येते. आंबा घाटात दरड आली की ती महागते, कधी येतही नाही. म्हणून बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या गावातल्या बायकांकडे आधी बघत जा. आत्ता त्यांच्याकडे फणसाच्या आठळ्या असतील. त्या धुऊन, दोन शिट्ट्या काढून, वरचं पांढरं साल सोलून अर्ध्या कर आणि तव्यावर परत. कुळथाबरोबर आठळ्या आणि कैरी, हे सॅलड तुला मुंबई-पुण्याच्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. श्रावणात लांबलचक गावठी तवसं येईल, ते कोवळं असताना घे.

अंडी सालासकट उकडून फ्रिजमध्ये ठेवलीस तर आठवडाभर टिकतात, सोललेली नाही. मासे हवे असतील तर आधी कॅलेंडर बघ: 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याचं बंदर शांत असतं आणि जे मिळतं ते महाग किंवा शिळं. बंदी सुरू होईपर्यंत कोलंबी आणून घे. सोलून, मधला काळा दोरा काढून, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, वळून गुलाबी झाली की लगेच बाहेर. जास्त शिजली की रबरासारखी होते. ती दोन दिवसांत संपव. भाजलेल्या बांगड्याचं मांस काट्यापासून सोडवून कांदा, खोबरं आणि मिरचीत कालवलं तर फारच सुरेख लागतं, पण बांगडा बर्फातलाच घे. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. बंदीच्या दोन महिन्यांत सोडे आहेतच. कोरडे भाजून, चुरून, वरून मूठभर घालायचे.

आणि आता रात्रीचं काम. दहा मिनिटांत होतं. आधी काकडी-कांदा चिर, पण मीठ लावू नकोस, मीठ लागलं की भाज्या पाणी सोडतात आणि ताटात तळं होतं. कढल्यात दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता. त्याच फोडणीत फ्रिजमधलं कडधान्य टाकून चांगली वाफ येईपर्यंत परत. हे गरम कडधान्य गार भाज्यांवर ओत. गरम-गार एकत्र आलं की कांद्याचा उग्रपणा जातो आणि कोथिंबिरीचा वास खुलतो. तेलाला कचरू नकोस. भोपळ्या-गाजरातला केशरी रंग, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, तो स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाही.

आंबटासाठी मेयोनीजच्या बाटल्या आणू नकोस, त्या खाऊन सगळ्या भाज्यांची चव एकच होते. याच दिवसांत घरोघरी कोकमाचं आगळ काढतात. एक बाटली घेऊन ठेव, वर्ष निघेल. दोन चमचे आगळ, सुपारीएवढा गूळ, चमचाभर तेल, ठेचलेली लसणीची पाकळी आणि थोडं पाणी ढवळून ठेवलंस की कुळीथ, भोपळा, बीट, कोलंबी सगळ्यांना चालतं. आगळात मीठ असतंच, चाखल्याशिवाय वरून घालू नकोस. हरभऱ्याला आणि चवळीला मात्र कैरी किंवा लिंबू बरं, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह शरीर जास्त शोषून घेतं. मटकीला घट्ट दही आणि जिरेपूड. शेवटी दाण्याचं कूट किंवा भाजलेले पातळ पोहे, काहीतरी कुरकुरीत हवंच. मऊ घास चावला जात नाही, पटकन गिळला जातो आणि जेवल्याचं समाधान होत नाही.

पहिल्या आठवड्यात एकच कडधान्य आणि दोनच भाज्या कर. कुळथाने सुरुवात करणार असशील तर शुक्रवारी रात्री भिजत घाल, शनिवारी सकाळी निथळून ओल्या पंचात बांध आणि संध्याकाळी एकदा उघडून धुऊन परत बांध, या हवेत नाहीतर चिकट होतात. रविवारी सकाळी मोड दिसतील. खडे मात्र भिजवण्यापूर्वी निवड, कुळथात ते रंगाने मिसळून जातात.

तुझी,
मावशी